न फुटणारे सॉस आणि ‘घातक रसायन’

‘तेल आणि पाणी एकत्र राहूच शकत नाही, म्हणून बाटलीतले सॉस फुटत नसेल, म्हणजे त्यातले तेल वेगळे होत नसेल, तर त्यात घातक रसायन आहे’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातला पहिला भाग निम्मा खरा आहे, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. मात्र तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळू दिले नाहीत, तर मिश्रण दीर्घकाळ टिकते. मेयोनीजमध्ये हे काम अंड्याचा बलक करतो.

बारीक घन कणही ते करू शकतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक आहे. पुण्यातल्या रसवंतीबाहेर साचणारे उसाचे चिपाड घ्या. ते नुसते दळून भागत नाही. त्यातील लिग्निन, म्हणजे तंतूंना जखडून ठेवणारे द्रव्य, बरेचसे काढून उरलेला सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतुमय पदार्थ, केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंमध्ये सोडवावा लागतो. हे तंतू थेंबांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि भोवतीच्या पाण्यात जाळे विणून थेंबांची हालचालही रोखतात. संत्र्या-मोसंबीच्या सालीतील तंतूंचाही असाच उपयोग होतो.

पडताळा घरीच घेता येतो. दोन बाटल्यांत सारखेच तेल-पाणी घालून एकीत चमचाभर मोहरीची बारीक पूड टाकावी आणि दोन्ही जोराने हलवाव्यात. साधे मिश्रण लवकर वेगळे होते, मोहरीचे बरेच उशिरा. येथे तंतूंबरोबर मोहरीतील चिकट द्रव्य व प्रथिनेही हातभार लावतात, हे खरे. विकतच्या बाटलीवरील घटकांची यादीही वाचावी: 460 हा क्रमांक सेल्युलोजचा, तर 322 लेसिथिनचा, म्हणजे अंड्याच्या बलकातही असणाऱ्या, थेंब वेगळे ठेवणाऱ्या द्रव्याचा.