घरात एकच संडास आणि सगळ्यांचीच पोटं बिघडलेली

पोट बिघडलं की घरातला एकुलता एक संडास अपुरा पडतो. दार आतून बंद असतं, बाहेरचा माणूस पाय आवळून उभा असतो. ही अडचण संडासाइतकी जुनी वाटते, पण निदान आजारी माणसापुरती ती बऱ्यापैकी नवी आहे. घरात पाण्याचा संडास आला तेव्हा एक सोय आली आणि दुसरी, कमी देखणी पण फार उपयोगी सोय हळूहळू घराबाहेर गेली.

गटाराला जोडलेले संडास मोहेंजोदडोच्या घरांत सुमारे ४५०० वर्षांपूर्वीही होते. पण आजचा संडास ज्या परंपरेतून आला त्या युरोपात शतकानुशतकं रात्रीचा आणि आजारपणाचा सगळा भार खाटेखालच्या भांड्यावर असे. ऐपतवाल्यांकडे त्याच भांड्याला लाकडी खुर्चीत बसवून वर झाकण लावलेलं असायचं. वास होता, घाण होती, ती उचलायला बहुतेकदा कुणी तरी नोकरचाकर होतं, तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट खरी: जितक्या खाटा तितकी भांडी ठेवता येत. जुलाब लागलेल्याला दुसऱ्याचं उरकेपर्यंत थांबावं लागत नसे.

इंग्लंडमध्ये जॉन हॅरिंग्टनने पाण्याने धुऊन निघणाऱ्या संडासाचं वर्णन १५९६ मध्येच छापलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अडचण वासाची होती. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने नळीला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देण्याचं पेटंट घेतलं. बाकात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. आजही पाण्याच्या संडासाखाली हीच युक्ती असते. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने बसवलेले संडास ८ लाखांहून अधिक लोकांनी एकेक पेनी देऊन वापरले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटपर्यंत पोचली आणि शहरभर भुयारी गटारं बांधायचा निर्णय झाला.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट ठरून गेली. भांडं उचलून कुठेही ठेवता येई, पाण्याचा संडास मात्र नळाला आणि गटाराला बांधलेला. तो घरात जिथे बसवला तिथेच, आणि खर्चामुळे बहुधा एकच. इंग्लंडच्या १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नव्या घराला संडास सक्तीचा केला. मोजमाप घराचं होतं. आत किती माणसं आहेत आणि ती एकाच रात्री आजारी पडली तर काय, हा हिशेब त्यात बसत नव्हता. नंतर घरं बांधणाऱ्यांनीही तो फारसा मनावर घेतल्याचं दिसत नाही.

पाण्याविना चालणारा पर्याय नव्हता असं नाही. हेन्री मूल नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८६० मध्ये कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं. बसण्याखाली बादली, आणि दर वेळी वरून कोरडी माती. माती ओलावा शोषते आणि वास दबतो. शहरांनी गटारांची बाजू घेतल्यावर ही कल्पना मागे पडली, पण मेली नाही. २०११ च्या भूकंपात न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधली गटारं फुटली तेव्हा लोकांना फिरत्या आणि रासायनिक संडासांवर महिनोन्‌महिने दिवस काढावे लागले. आपत्तीसाठी आज सुचवली जाणारी दोन बादल्यांची पद्धत मूलच्याच जातकुळीतली: लघवी वेगळी, मळ वेगळा, मळावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती.

आता पोटाची बाजू. १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली आणि मुलांमार्फत घरोघरी पोचली. १९७२ मध्ये तिच्यामागचा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. तो म्हणजे आजचा नोरोव्हायरस. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत तो त्रास देतो, म्हणूनच सगळं घर जवळजवळ एकदमच आडवं होतं. शिवाय संडास एकच असला तर तोच लागणीचं ठिकाण बनतो. पाणी सोडल्यावर जंतू असलेले तुषार उडतात हे १९७५ मध्ये चार्ल्स गर्बा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बैठक, फ्लशची कळ आणि दाराची कडी ब्लीचने पुसणं आणि साबणाने हात धुणं याला म्हणूनच पर्याय नाही. अल्कोहोलचं जेल या विषाणूवर फारसं चालत नाही.

उपचारांचा इतिहास गंमतीचा आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. पण त्या मिश्रणाने शरीरातलं पाणी टिकायचं, जुलाब काही कमी होत नसत. रोगी वाचे, संडासाच्या खेपा तेवढ्याच. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मीठ आणि साखर कमी असलेलं नवं मिश्रण स्वीकारलं, त्याने मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटतं. खेपा थेट कमी करतं ते लोपेरामाइड हे औषध, पण रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर ते घ्यायचं नाही, आणि लहान मुलांना तर नाहीच.

कायमची घाई लागणाऱ्यांची दखल आणखी उशिरा घेतली गेली. क्रोन या आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचं वर्णन १९३२ चं. अमेरिकेतल्या इलिनॉयने अशा रुग्णांना दुकानातला कर्मचाऱ्यांचा संडास वापरू देण्याचा कायदा केला तो २००५ मध्ये. घरात मात्र सगळं आपसांतल्या बोलण्यावर चालतं: आंघोळीच्या वेळा कुणी बदलायच्या, दार ठोठावलं की आतल्याने किती लवकर उठायचं. ज्याला घाई आवरत नाही त्याचा हक्क पहिला, हे आधीच ठरलेलं बरं, ऐनवेळी ठरत नाही. आणि भांडं बसवलेली ती जुनी खुर्ची आजही वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. म्हाताऱ्यांसाठी घरं ती आणतात. दोन दिवसांच्या जुलाबासाठी झाकणाची बादली आणि थोडा भुसा पलंगाशेजारी ठेवायला मात्र लाजतात.