छायाचित्रमिती, भूमिगत खाणींतील

एकाच जागेची वेगवेगळ्या वेळी छायाचित्रे घेऊन खाणीतील बोगद्यांचे छत, भिंती व तळ किती सरकले हे मोजण्याची पद्धत. फोटोग्रॅमेट्री या नावानेही ती ओळखली जाते.

खडक खोदून काढला की त्याने पेललेला भार शेजारच्या खडकावर आणि राखून ठेवलेल्या खांबांवर पडतो. छत खाली येते, भिंती आत फुगतात, मऊ तळ वर उचलला जातो. समोरासमोरच्या खुंट्यांमधील अंतर टेप-एक्स्टेन्सोमीटरने फार अचूक मोजता येते. मात्र दोन खुंट्यांमधल्या भागात आलेला फुगवटा त्याला कळत नाही. छायाचित्रांत सगळा पृष्ठभाग येतो, शिवाय आधार न दिलेल्या छताखाली माणूस पाठवावा लागत नाही. या पद्धतीची खरी थोरवी यातच आहे.

लागोपाठची छायाचित्रे साधारण ६० ते ८० टक्के एकमेकांवर येतील अशी घेतात. त्यांतील समान खुणा संगणक जुळवतो (डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘सिफ्ट’ रीतीने हे काम बरेच सोपे झाले) आणि पृष्ठभागाचा त्रिमितीय बिंदुसमूह तयार होतो. आधीचा व नंतरचा समूह ताडून हालचाल काढतात. २४ मिमी भिंग आणि ४ मायक्रॉनचा पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्याने ५ मीटरवरून घेतलेल्या चित्रात एक पिक्सेल भिंतीवरचे सुमारे ०.८ मिमी व्यापतो. कॅमेऱ्याच्या दोन जागांमधील अंतर तेच ठेवले, तर खोलीच्या दिशेची (कॅमेऱ्यापासून भिंतीकडच्या दिशेची) चूक भिंतीपासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. १० मीटरवर ती चौपट होते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती संदर्भबिंदूंची, म्हणजे ज्यांच्या आधारे दोन्ही वेळचे समूह एकाच जागी बसवतात त्या खुणांची. जीपीएस जमिनीखाली पोहोचत नाही. मोजपट्टी ठेवून आकार खरा ठरतो, जागा ठरत नाही. म्हणून टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण-उपकरणाने) स्थिर भागापासून मोजमाप आणावे लागते. संदर्भबिंदू सरकत्या खडकावरच असतील तर तेही छताबरोबर खाली येतात आणि तुलनेत सारे स्थिर दिसते. ही चूक घातक, कारण ती निर्धास्त करते. दोन फेऱ्यांमध्ये भिंतीवर शॉटक्रीट (फवाऱ्याने बसवायचे काँक्रीट) फवारले असेल, तर उलट त्याची जाडीच हालचाल म्हणून नोंदली जाते.

धूळ फ्लॅशमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटते, तर ओल्या खडकाच्या चकाकीमुळे खुणा जुळत नाहीत. कोळसा खाणीत मिथेनमुळे साधा कॅमेरा वा फ्लॅश चालत नाही, ज्वालाग्राही वायूत वापरण्यास मान्यता असलेलीच उपकरणे लागतात. विदर्भातील मँगनीजच्या खाणींत सहसा ही अडचण येत नाही. तेथल्याच भूमिगत कोळसा खाणींत येते.

चित्रे घेणे व त्यांवर संगणकीय प्रक्रिया करणे यांत वेळ जातो. त्यामुळे तातडीच्या इशाऱ्यासाठी छताच्या छिद्रात बसवलेली, छत सरकल्याचे लगेच दाखवणारी टेलटेल उपकरणे ठेवावीच लागतात.