तुटक्या बोटाची फिरक

उजव्या हाताची तर्जनी पेरभर उरलेली, मधलं बोट वाकडं, करंगळी जवळजवळ निकामी. असा हात घेऊन कुणी बोलर व्हायला आला, तर आपल्याकडचा कोच त्याला फार तर स्कोअर लिहायला बसवेल. मॉर्डेकाई ब्राउन हाच हात घेऊन 1903 ते 1916 असे चौदा मोसम अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, होता. त्याच्या नावावर 239 विजय आहेत.

ब्राउनचा जन्म 1876 चा, इंडियाना राज्यातल्या नाईसव्हिल गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी त्याचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. जखम पुरती भरली नव्हती तोच तो पडला आणि त्याच हाताची आणखी बोटं मोडली. हाडं जशी जुळायची तशी वेडीवाकडी जुळली. पुढे तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि सुट्टीत खाणकामगारांच्या संघातून खेळू लागला. सुरुवातीला तिसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या धावण्याच्या ठाण्यांपैकी एकावर, क्षेत्ररक्षण करायचा. तिथून पहिल्या बेसकडे फेकलेला त्याचा चेंडू वाटेत वळायचा, झेलणाऱ्याची पंचाईत व्हायची. क्षेत्ररक्षकाचा हा दोष पिचरच्या कामाचा ठरला. एका सामन्यात नेहमीचा पिचर नव्हता म्हणून ब्राउनला उभं केलं, आणि तेव्हापासून तो पिचरच झाला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘थ्री फिंगर’ हे नाव चिकटवलं. मोजायचंच तर त्याच्या हाताला साडेचार बोटं होती, पण मथळ्याला तीनच शोभतात.

आता हा चेंडू कशामुळे वळायचा, ते पाहू. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. आपल्या लेगस्पिनरला खेळपट्टी हात देते, पिचरला जे काही करायचं ते हवेतच. 1893 पासून पिचर आणि होमप्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) यांच्यातलं अंतर 60 फूट 6 इंच आहे. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात उरतात साधारण 17 मीटर. ताशी 120 किलोमीटरच्या चेंडूला त्यासाठी अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात निव्वळ गुरुत्वाकर्षणानेच चेंडू सव्वा मीटर खाली येतो. म्हणजे सरळ चेंडू हा प्रकारच नाही. पिचरच्या हातात असतं ते या पडण्यात भर घालणं किंवा त्यातून थोडं कमी करणं.

ते काम फिरकीचं. फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर सोबत ओढतो, आणि उठावदार शिवण त्याला मदत करते. चेंडूचा वरचा भाग पुढच्या दिशेने फिरत असेल, तर तिथे तो समोरून येणाऱ्या हवेला भिडतो आणि वरचा थर लवकर सुटतो. खालचा थर मात्र चेंडूला धरून थोडा जास्त वळसा घेतो. परिणामी चेंडूच्या मागे सुटणारी हवा वरच्या बाजूला ढकलली जाते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेंडू खाली रेटला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हाइन्रिश मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा अभ्यास केला. मुळात त्याला कुतूहल होतं तोफगोळे वाट का सोडतात याचं.

एवढं ठाऊक असूनही, वळणारा चेंडू हा नुसता नजरेचा खेळ आहे, असं म्हणणारे लोक विसाव्या शतकातही भरपूर होते. 1959 मध्ये लायमन ब्रिग्जने हे प्रकरण निकालात काढलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा हा निवृत्त संचालक, वय चौऱ्याऐंशी. 1939 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने अणुबॉम्बची शक्यता तपासायला नेमलेल्या युरेनियम समितीचा अध्यक्षही हाच! त्याने चेंडूला हलकी चपटी फीत जोडली, ती पिचर ते होमप्लेट जमिनीवर सैल पसरली आणि वॉशिंग्टनच्या व्यावसायिक पिचरांना चेंडू टाकायला लावलं. चेंडू पोचला की फितीला पडलेले पीळ मोजायचे. सात ते सोळा फेऱ्या भरल्या. मग पवनबोगद्यात तेवढीच फिरक देऊन विचलन मोजलं, तर ते जास्तीत जास्त 17.5 इंच आलं. बॅटची जाडी अडीच इंचांच्या आसपास असते, हे लक्षात घ्या.

बॅटर मात्र शपथेवर सांगतो की चेंडू शेवटच्या क्षणी अचानक वळला. तो खोटं बोलत नसतो. बल सगळ्या प्रवासभर असतं, पण विचलन वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. 40 सेंटिमीटर वळणारा चेंडू पहिल्या अर्ध्या वेळात फक्त 10 सेंटिमीटर वळतो, उरलेले 30 पुढच्या अर्ध्यात. आणि बॅट फिरवायची की नाही, कुठे फिरवायची, हा निर्णय त्या पहिल्या अर्ध्यातच उरकावा लागतो.

इथे ब्राउनच्या हाताचा संबंध येतो. साधा वेगवान चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटाने धरतात. सुटताना दोन्ही बोटं चेंडूच्या मागून खाली घसरतात, त्याला उलटी फिरक मिळते आणि तो एरवीपेक्षा कमी खाली येतो. ब्राउनच्या बाबतीत शेवटचा रेटा द्यायला होतं एक वाकडं बोट आणि एक खुंट. फिरकीचा अक्ष मग कलणारच. त्याचा वेगवान चेंडूसुद्धा खाली बसायचा. माझ्या मते त्याचं खरं बळ फिरकीच्या प्रमाणात नव्हतं, तिच्या अनोळखीपणात होतं. बॅटर चेंडू शेवटपर्यंत पाहून मारत नाही, आधी हजारो चेंडू पाहून बसलेल्या अंदाजावर मारतो, आणि ते हजारो चेंडू धडधाकट बोटांमधून सुटलेले असतात. पोलिओने अशक्त झालेल्या उजव्या हाताने बोलिंग करणारा आपला चंद्रशेखर इथे आठवतोच. तुटक्या बोटाचा फायदा होतो का, असं विचारल्यावर ब्राउन म्हणे सांगायचा की चांगल्या हाताने कधी टाकलंच नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. प्रयोगशास्त्राच्या दृष्टीने उत्तर बिनचूक आहे.

1906 मध्ये शिकागो कब्जकडून खेळताना दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेले रन सोडून त्याने सरासरी फक्त 1.04 रन दिले. हा आकडा पाहून भारावून जाण्याआधी तेव्हाचा चेंडू आठवावा. एकच चेंडू मळून, थुंकीने माखून, नरम पडेपर्यंत वापरायचे, त्यामुळे सगळेच पिचर कंजूष दिसायचे. तरीही त्या वर्षी लीगची सरासरी अडीचच्या वर होती. त्या मोसमात कब्जने 116 सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) मात्र शहरातल्याच व्हाइट सॉक्सकडून गमावली.

भरपाई पुढच्या दोन वर्षांत झाली. 8 ऑक्टोबर 1908 ला न्यूयॉर्कमध्ये लीगचा निर्णायक सामना होता, समोर न्यूयॉर्कचा नामांकित पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन. ब्राउनला त्याआधी जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आली होती. पहिल्याच डावात कब्जचा पिचर डळमळला, ब्राउनला आत आणलं आणि कब्जने सामना 4-2 ने जिंकला. मग वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याने दोन सामने जिंकले. कब्जला पुढचं जगज्जेतेपद थेट 2016 मध्ये मिळालं.

4 सप्टेंबर 1916 ला ब्राउन आणि मॅथ्यूसन शेवटचे समोरासमोर आले. दोघांचाही तो मोठ्या लीगमधला अखेरचा सामना. मॅथ्यूसनच्या सिनसिनाटीने तो 10-8 ने जिंकला. ऐन भरातल्या या दोघांना एवढे रन द्यायला चार-पाच सामने लागले असते. ब्राउन पुढे टेरे होट गावी पेट्रोल पंप चालवायचा. 1948 मध्ये तो वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.