फुटबॉलची जर्सी, ग्रामर स्कूल आणि ट्रान्सफरचा अर्ज: नॉर्दर्न आयर्लंडमधल्या मराठी पालकांसाठी

न्यूरी, ओमा, मघेरा, आर्मा, डंगॅनन. या गावांत मूल पाचवी-सहावीच्या वयात आलं की घरात एकच विषय सुरू होतो: ट्रान्सफर, म्हणजे प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाणं. मुलाला अमुक शाळेतच जायचं असतं, कारण ती शाळा मॅक्रोरी कप खेळते आणि त्याच्या क्लबातली मोठी मुलं तिथेच आहेत. आपली मुलंही आता गेलिक फुटबॉल (हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा फुटबॉल) खेळू लागली आहेत, शनिवारी सकाळी चिखल अंगभर घेऊन घरी येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर मे महिन्यात कुणा ना कुणाच्या घरी नकाराचं पत्र येतं, आणि ते पाहिलं की बहुतेक वेळा चूक मुलाच्या अभ्यासात नसते. ती कागदात असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी खेळाबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. मॅक्रोरी कप ही अल्स्टर प्रांतातल्या शाळांची सर्वोच्च गेलिक फुटबॉल स्पर्धा. तिचा विजेता पुढे अखिल आयर्लंडच्या होगन कपसाठी खेळतो. पहिला होगन कप 1946 मध्ये आर्माच्या सेंट पॅट्रिक्सने जिंकला होता. मॅक्रोरीची अंतिम लढत परंपरेने सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे 17 मार्चला होत असे आणि त्या दिवशी अख्खं गाव बसगाड्या भरून जात असे. एकट्या न्यूरीत सेंट कोलमन्स आणि अ‍ॅबी ही मुलांची दोन कॅथलिक ग्रामर स्कूल्स, म्हणजे परंपरेने प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर मुलं घेणाऱ्या माध्यमिक शाळा, आहेत. त्यांच्यातली चुरस इतकी जुनी आहे की आजोबा कुठल्या शाळेचे, यावरून नातू कुठे जाणार ते घरात गृहीत धरलेलं असतं.

यामुळे आपल्या लोकांना वाटतं की मूल चांगलं खेळतं, प्रशिक्षकाने पाठ थोपटली, म्हणजे शाळा त्याला घेईलच. असं होत नाही. मी ज्या शाळांचे प्रवेशाचे निकष वाचले, त्यांतल्या एकाही यादीत फुटबॉलला गुण नव्हते. क्लबचं प्रशस्तिपत्र किंवा पदकाचा फोटो अर्जाला जोडून काहीही साध्य होत नाही. प्रशिक्षक भला माणूस असतो, पण जागा तो देत नाही. जागा देते शाळेची बोर्ड ऑफ गव्हर्नर्स, म्हणजे नियामक समिती, आणि तीही आधी छापलेल्या निकषांच्या क्रमानेच.

आता परीक्षा. ग्रामर स्कूलच्या प्रवेशासाठीची सरकारी परीक्षा, इलेव्हन-प्लस, 2008 मध्ये शेवटची झाली. त्यानंतर ग्रामर स्कूल्सनी स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या. बरीच वर्षं दोन वेगवेगळ्या परीक्षा चालल्या आणि अनेक मुलं दोन्हींना बसत राहिली. 2023 च्या नोव्हेंबरपासून बहुतेक ग्रामर स्कूल्ससाठी एकच परीक्षा आहे. ती स्कूल्स एन्ट्रन्स असेसमेंट ग्रुप, म्हणजे सीग घेते. नोव्हेंबरमधल्या दोन शनिवारी, मध्ये साधारण पंधरवड्याचं अंतर ठेवून, दोन पेपर होतात. विषय इंग्रजी आणि गणित. आयरिश माध्यमाच्या मुलांना आयरिशमध्ये पेपर देता येतो. परीक्षा कुठल्या केंद्रावर दिली याचा प्रवेशाशी संबंध नसतो. निकाल जानेवारीच्या अखेरीस येतो. त्यात वयानुसार समायोजित केलेले गुण असतात आणि सहापैकी एक बँड असतो. पास-नापास असा शेरा त्यात नसतो. बँड पाहून 'झालं' म्हणणारे पालक आणि रडणारे पालक, दोघेही घाई करत असतात. तो गुण पुरेसा आहे का, हे त्या वर्षी त्या शाळेकडे कोण कोण अर्ज करतं यावर ठरतं.

पहिला फटका इथेच बसतो. सीगची नोंदणी वसंतात उघडते आणि सप्टेंबरमध्ये, मूल पी-सेव्हनमध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात, जेमतेम स्थिरावत असताना, बंद होते. आपल्यातले पुष्कळ जण जुलै-ऑगस्टमध्ये नोकरीवर रुजू होतात, घर शोधतात, बँक खातं उघडतात, आणि ऑक्टोबरात कुणीतरी विचारतं, 'नोंदणी केलीत ना?' तोवर वेळ गेलेली असते. प्राथमिक शाळा आठवण करून देईलच असं धरून चालू नका. नोंदणी करणं पालकांचं काम आहे. मुलाचा फोटो आणि जन्मदाखला हाताशी ठेवा. मुलाला डिस्लेक्सिया असेल, जास्त वेळ किंवा मोठ्या अक्षरांचा पेपर लागणार असेल, तर ती मागणीही नोंदणीच्या वेळीच, पुराव्यासकट करायची असते. शाळेत मदत मिळते म्हणजे परीक्षेतही आपोआप मिळेल असं नाही.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो: सीगला नोंदणी करणं म्हणजे शाळेला अर्ज करणं नव्हे. अर्ज वेगळा आहे. तो निकालानंतर एज्युकेशन अथॉरिटीच्या (शाळांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर भरायचा असतो. खिडकी जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडते, फेब्रुवारीत बंद होते आणि मध्ये मिळतात अवघे काही आठवडे. परीक्षेला न बसलेल्या मुलाचाही अर्ज इथूनच करायचा, कारण नॉन-ग्रामर शाळाही याच अर्जातून भरतात. मुदतीनंतर आलेला अर्ज वेळेत आलेल्या सगळ्या अर्जांच्या मागे जातो, मग मुलाचे गुण कितीही चांगले असोत. ज्या मुलांकडे विशेष शैक्षणिक गरजांचं स्टेटमेंट (तसा अधिकृत दस्तऐवज) आहे, त्यांची वाट वेगळी आहे. त्यांनी या पोर्टलच्या नादी लागू नये, अथॉरिटीच्या विशेष शिक्षण विभागाशीच बोलावं.

आता कागदपत्रं. इथे आपले लोक सर्वांत जास्त अडकतात, आणि खरं सांगायचं तर यात दोष त्यांचा फारसा नसतो.

जन्मदाखला घ्या. आपल्याकडे बाळाचं बारसं होण्याआधीच रुग्णालयातून नोंद जाते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं. काहींवर फक्त पहिलं नाव असतं, आडनाव नसतं. भारतात पासपोर्ट काढून झालेला असतो, त्यामुळे याकडे कुणी लक्ष देत नाही. इथे मात्र पुष्कळ शाळा शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली की आडनावाच्या अक्षरांचा आधीच ठरवलेला क्रम लावतात आणि आडनाव जन्मदाखल्यावर आहे तसंच धरतात. दाखल्यावर आडनाव नसेल किंवा स्पेलिंग वेगळं असेल, तर ऐन वेळी खुलासे करत बसावं लागतं. कायद्याने जन्मनोंदीत नाव भरण्याची मुभा पंधरा वर्षांपर्यंत आहे. पहिल्या वर्षानंतर विलंब शुल्क लागतं, इतकंच. पण ते काम गावच्या ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होतं आणि वेळ खातं. उन्हाळ्यात भारतात जाल तेव्हा पहिलं काम हेच करा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही तेव्हाच करून आणा.

पत्त्याचा पुरावा तर थट्टाच वाटावी असा आहे, आणि याचा मला राग येतो. काही शाळा अंतर किंवा पॅरिश (चर्चची हद्द) पाहतात आणि पत्ता सिद्ध करायला सांगतात. इंग्लंडमधले नातेवाईक म्हणतात, कौन्सिल टॅक्सचं बिल दे. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नाही, रेट्स (घरावरचा कर) आहेत, आणि भाड्याच्या घरात ते बहुधा घरमालकाच्या नावावर असतात. घरगुती पाण्याचं बिल इथे येतच नाही. विजेला अनेक घरांत कीपॅड मीटर असतो, दुकानातून टॉप-अप करायचा, म्हणजे तेही बिल नाही. व्हिसावरच्या बहुतेकांना चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) नाही, म्हणून त्याचंही पत्र नाही. मग उरतं काय? भाडेकरार, बँकेचं छापील स्टेटमेंट, एचएमआरसीचं (करखात्याचं) पत्र, मेडिकल कार्ड. हे चारही कागद एकाच पत्त्यावर आणि दोन्ही पालकांच्या नावाने तयार ठेवा. कुठले चालतील आणि किती जुने चालतील हे शाळेच्या निकषांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर शाळेच्या कार्यालयाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

राहण्याबद्दल कायद्याचा एक नियम आहे, तो फार जणांना माहीत नसतो. शाळेने प्रवेशाच्या वेळी नॉर्दर्न आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मुलांना आधी घ्यायचं असतं आणि बाहेरच्यांना त्यांच्यानंतर. सीमेपलीकडच्या डॉनेगलमध्ये घर घेऊन डेरीत नोकरी करणाऱ्यांना हे लागू होतं. डब्लिनहून किंवा पुण्याहून उन्हाळ्यात येणार असाल तर फेब्रुवारीतच नोकरीचं पत्र, नव्या घराचा करार, जे हाती असेल ते अर्जाला जोडा. नंतर देऊ म्हणून चालत नाही. शाळा अर्जात लिहिलेलं आणि त्यासोबत दिलेलंच पाहते. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटून काय सांगितलं ते गव्हर्नर्सच्या टेबलावर पोचत नाही.

जी मुलं नुकतीच आली आणि परीक्षेला बसूच शकली नाहीत, त्यांच्यासाठी ग्रामर स्कूल्सच्या निकषांत बहुतेक वेळा 'स्पेशल प्रोव्हिजन्स' नावाचा भाग असतो. परीक्षेच्या काळात आजारपण किंवा घरात मोठा आघात झाला असेल तर 'स्पेशल सर्कमस्टन्सेस'. हे दोन वेगळे भाग आहेत, एकात दुसऱ्याची कारणं लिहू नका. दोन्हींत पुरावा तुम्हीच द्यायचा असतो. आजारासाठी डॉक्टरांचं त्या वेळचं पत्र लागतं, महिन्यांनंतर लिहून घेतलेलं पत्र कच्चं पडतं. बुद्धिमत्तेच्या पुराव्याला आपले पालक भारतातल्या शाळेचं प्रगतिपुस्तक जोडतात, त्यात 94 टक्के असतात. इथल्या शाळेला त्या टक्क्यांवरून तुलना करता येत नाही. त्यांना प्रमाणित चाचणीचे गुण हवे असतात. म्हणून मुलाला इथल्या प्राथमिक शाळेत घातलं की वर्गशिक्षकांना लगेच विचारा, इंग्रजी-गणिताच्या प्रमाणित चाचण्या कधी घेणार, आणि त्यांचे गुण लेखी मागा. यासाठी शाळेचा वेगळा फॉर्मही असू शकतो, तो पोर्टलवरच्या अर्जासोबतच गेला पाहिजे.

पसंतीक्रमाबद्दल. किमान चार शाळा लिहा असं अथॉरिटी सांगते आणि ते खरंच पाळा. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एकच शाळा लिहिलेले अर्ज पाहून. 'दुसरी नकोच' असं लिहिल्याने शाळेवर काही दबाव येत नाही. तीन ग्रामर स्कूल्स लिहून थांबणंही तितकंच धोक्याचं. यादीत एक तरी अशी शाळा हवी जिच्या निकषांत तुमचं मूल नक्की बसतं: भावंड तिथे शिकतं, प्राथमिक शाळा तिच्या फीडर यादीत (ज्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना ती प्राधान्य देते त्यांच्या यादीत) आहे, किंवा तुमचं घर तिच्या हद्दीत येतं.

आणि इथे फुटबॉल पुन्हा आठवावा. नॉन-ग्रामर शाळेत गेलं म्हणजे खेळ संपला, हे आपल्या पालकांच्या डोक्यात कुठून बसलं कळत नाही. लर्गनचं सेंट रोनन्स हे 2015 मध्ये तीन शाळा एकत्र करून उभं राहिलं. तिथे परीक्षेच्या गुणांवर प्रवेश नाही. त्या शाळेने 2018 मध्ये मॅक्रोरी आणि होगन दोन्ही कप जिंकले. मघेराचं सेंट पॅट्रिक्स ग्रामर नाही आणि तरीही मॅक्रोरीत त्याचं नाव घेतलं की भल्याभल्या ग्रामर स्कूल्स जपून खेळतात. लोरेटो कोलरेनसारख्या काही कॅथलिक ग्रामर शाळांनी तर परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देणंच सोडून दिलं आहे. तेव्हा नावात ग्रामर आहे की नाही यापेक्षा त्या वर्षीचे निकष वाचा, आणि त्याच वर्षीचे वाचा. ते बदलतात. मागच्या वर्षी शेजाऱ्याचा मुलगा कसा घेतला, हे तुमच्या अर्जाला उपयोगाचं नाही.

पत्र मे महिन्यात येतं. नकार आला तर त्यात कारण असतं आणि अपिलाची मुदतही. अपील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जातं, पण ते एकाच मुद्द्यावर चालतं: शाळेने स्वतःचे निकष लावले नाहीत किंवा चुकीचे लावले. मुलगा हुशार आहे, रडतो आहे, त्याचे सगळे मित्र तिथे गेले, यांपैकी काहीही ऐकलं जात नाही. म्हणून अपील करण्याआधी निकषांची यादी आणि तुमचा अर्ज शेजारी ठेवा आणि एकेक ओळ ताडून पाहा. भावंड शाळेत असूनही ते धरलं नाही, फीडर शाळा चुकीची नोंदली, असं काही सापडलं तर नक्की लढा. सापडलं नाही, तर ज्या शाळांत जागा उरल्या आहेत त्यांना लगेच फोन करा, कारण त्या जागा थोड्याच दिवसांत भरतात. पहिल्या पसंतीच्या शाळेची प्रतीक्षा यादी असेल तर तीत नाव ठेवायला लेखी सांगा. जूनमध्ये कुणी दुसऱ्या गावी जातं आणि एखादी जागा सुटते.