स्केच डिलीट का होत नाही? मागचा थोडा इतिहास

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर, शिकणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न आहे. स्केच म्हणजे त्यातलं सपाट रेघांचं चित्र, ज्यावरून पुढे थ्रीडी आकार बनतो. स्केच सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं, आणि ते जातच नाही, नाहीतर जातं पण जाताना अख्ख्या ट्रीमध्ये (मॉडेल कसं बनलं त्या पायऱ्यांच्या यादीत) लाल-पिवळ्या खुणा उमटवून जातं. मग लोक सॉफ्टवेअर परत टाकतात, फाइल करप्ट झाली म्हणतात. क्वचित तसंही असतं म्हणा. पण बहुतेक वेळा सॉफ्टवेअर हे मुद्दाम करत असतं, आणि का करतं हे कळायला पार १९६३ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी इव्हान सदरलँड यांनी एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड हा प्रोग्राम मांडला. लिंकन लॅबोरेटरीचा टीएक्स-२ कॉम्प्युटर, हातात लाइट पेन, स्क्रीनवर रेघा. लोकांना आठवतं ते लाइट पेन, पण खरी गंमत आतल्या मेमरीत होती. रेघ दोन बिंदूंवर टेकलेली, तोच बिंदू शेजारच्या रेघेचाही, शिवाय ह्या दोन समांतर, त्या दोन सारख्या लांबीच्या अशा अटीही साठवलेल्या, आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे झटकन सापडावं म्हणून सगळं दोन्ही बाजूंनी रिंगमध्ये गुंफलेलं. आता एवढं लक्षात ठेवलं की लगेच प्रश्न येतो, बिंदू पुसला तर त्यावर टेकलेल्या रेघांचं काय करायचं? सदरलँड यांनी थिसिसमध्येच उत्तर देऊन टाकलं: ज्यावर बाकीचं अवलंबून आहे ते काढलं तर अवलंबून असलेलंही काढायचं, मग त्यांच्यावर जे उभं आहे तेही, असं शेवटपर्यंत. मला विचाराल तर आजचे सगळे डिलीट डायलॉग ह्या एका निर्णयाचे वारस आहेत.

मधे एक काळ असा आला की हे सगळं बाजूला पडलं. ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस आलं, साध्या पीसीवर चालायचं, आणि तिथे रेघ म्हणजे नुसती रेघ. इरेज केली, संपला विषय, चुकून केली तर ऊप्स कमांड होतीच. अगदीच बंधन नव्हतं असंही नाही, वापरात असलेला ब्लॉक (एकत्र बांधून ठेवलेलं चित्र) पर्ज होत नाही, म्हणजे फाइलमधून काढता येत नाही, आणि झिरो लेयर हा मुळातला थर तर कधीच काढता येत नाही, पण रोजच्या कामात पुसलं म्हणजे गेलं हीच सवय लाखो हातांना लागली. ऑटोकॅडमध्ये भौमितिक अटी लावायची सोय थेट २०१० च्या व्हर्जनला आली. ही जुनी सवय घेऊन थ्रीडीत आलेला माणूस सगळ्यात जास्त वैतागतो, असं माझं निरीक्षण आहे.

खरी उलथापालथ केली प्रो-इंजिनिअर या थ्रीडी कॅड सॉफ्टवेअरनं. सॅम्युअल गाइसबर्ग यांनी १९८५ साली पीटीसी कंपनी काढली आणि दशक संपायच्या आत हे सॉफ्टवेअर बाजारात होतं. इथे मॉडेल म्हणजे पायऱ्यांची यादी, आणि त्यातली आकार घडवणारी प्रत्येक पायरी म्हणजे फीचर. आधी स्केच, त्यातून एक्सट्रूड (स्केच ओढून जाडी देणं), त्याच्या फेसवर म्हणजे पृष्ठभागावर दुसरं स्केच, त्यातून कट, त्या कटच्या कडेला फिलेट (गोलाई), आणि एखादं माप बदललं की सगळं वरून खाली परत बनवलं जातं, यालाच रीजनरेशन म्हणतात. पॅरेंट-चाइल्ड (ज्यावर टेकलंय ते पॅरेंट, टेकलेलं ते चाइल्ड) हे नातं इथूनच सगळ्यांच्या तोंडी बसलं. म्हणजे सदरलँड यांचा बिंदू आणि रेघेचा प्रश्न आता अख्ख्या पार्टचा झाला. पहिलं स्केच काढलं तर सरळ हिशेबानं काहीच उरत नाही! म्हणून डिलीट करताना प्रो-इंजिनिअर विचारायचं की चाइल्ड फीचरचं काय करू, आणि रीजनरेशन फसलं की रिझॉल्व्ह मोड नावाच्या दुरुस्तीच्या अवस्थेत नेऊन बसवायचं, तिथलं निस्तरल्याशिवाय सुटका नाही. वाइल्डफायर ५ या त्याच्याच पुढच्या व्हर्जनपासून ही सक्ती सैल झाली, तोवर एका पिढीनं त्या मोडला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

१९९५ ला सॉलिडवर्क्स हे असंच सॉफ्टवेअर आलं, विंडोजवर, डावीकडे ट्री, आणि स्केच एक्सट्रूडच्या पोटात गेलेलं. १९९९ च्या इन्व्हेंटरमध्ये पण तेच. नवख्याचा घोळ नेमका इथे होतो, त्याला स्केच ही वेगळी वस्तू दिसते पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते फीचरचा पाया असतं. फीचर डिलीट केलं तर स्केच मागे राहू शकतं, उलट स्केच डिलीट करायला गेलात तर आधी अवलंबितांची यादी समोर येते. इन्व्हेंटर डिलीटच्या वेळी पोटातली स्केचेस आणि अवलंबून असलेली स्केचेस-फीचर्स यांच्यासाठी वेगवेगळे चेकबॉक्स देतं, कॅटिया व्ही५ हे आणखी एक कॅड सॉफ्टवेअर चाइल्ड आणि फक्त त्याच्यासाठीच असलेले पॅरेंट दोन्हीबद्दल विचारतं. सगळे सदरलँड यांच्यासारखं साफ करून टाकत नाहीत, काही जण चाइल्डला अनाथ सोडतात. सॉलिडवर्क्समध्ये मग डँगलिंग रिलेशन दिसतात, म्हणजे अट आहे पण ज्याला धरून होती ते गायब. दोन्ही पद्धतींचा त्रास आहेच, फक्त पहिल्यात काम जातं आणि दुसऱ्यात एरर साठत जातात. मला दुसरी बरी वाटते, निदान काय तुटलं ते दिसतं तरी.

अजून एक भानगड आहे जी वरून दिसत नाही, ती म्हणजे टोपोलॉजिकल नेमिंग, म्हणजे फेस आणि कडांना आतून नावं देणं. स्केचमधल्या रेघेला आत ओळख असते, पण त्यातून तयार झालेल्या फेसला आणि कडेला नाव सॉफ्टवेअरलाच द्यावं लागतं, आणि दर रीजनरेशनला तेच नाव त्याच कडेला मिळेल याची खात्री देणं फार अवघड. एक रेघ पुसली, क्रम सरकला, आणि फिलेट भलत्याच कडेवर जाऊन बसला. फ्रीकॅड हे फुकटचं कॅड वापरणाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. प्रोजेक्ट २००२ पासूनचा, आणि यावरचा मोठा उपाय मूळ व्हर्जनमध्ये आला तो नोव्हेंबर २०२४ च्या १.० मध्ये. त्यानं त्रास बराच कमी झाला, पण पॅडचं (फ्रीकॅडमधलं एक्सट्रूड) स्केचच काढून टाकलं तर पॅड करणार कशाचं?

या सगळ्याला कंटाळून इतिहासच नको म्हणणारेही निघाले. स्पेसक्लेमसारखं डायरेक्ट मॉडेलिंग आलं, जिथे पायऱ्यांची यादी न ठेवता आकारच थेट ओढून बदलतात, २००८ ला सीमेन्सनं सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली. त्यांच्या सॉलिड एज या सॉफ्टवेअरच्या सिंक्रोनस मोडमध्ये वापरून झालेली स्केचेस ट्रीमध्ये वेगळ्या गटात जाऊन पडतात, ती डिलीट केली तरी सॉलिडला काही होत नाही. बदल्यात स्केचमधलं माप बदलून पार्ट बदलायची सोय गेली, म्हणून इतिहासवाली पद्धत काही मेली नाही.

त्यामुळे आजही अडलं की बघायच्या गोष्टी त्याच जुन्या नात्यांतल्या: स्केच अजून एडिटमध्ये उघडं आहे का, दुसऱ्या कुठल्या स्केचनं त्याची कड प्रोजेक्ट करून (स्वतःत उतरवून) घेतलीय का, पार्ट दुसऱ्या फाइलमधून डिराइव्ह केलाय (तिच्याशी जोडून आणलाय) का, फाइल रीड-ओन्ली आहे का. पॅरेंट-चाइल्ड यादी उघडली की बहुतेक उत्तर तिथेच मिळतं. आणि स्केच बदलायचंच असेल तर आतलं सगळं पुसून नव्यानं काढू नका, नवीन रेघांना नवीन ओळख मिळते आणि वरची फीचर्स जुनीच शोधत बसतात, त्यापेक्षा कॅटियातल्या रिप्लेससारखी कमांड असेल तर जुन्याच्या जागी नवीन दाखवा आणि मगच जुनं उडवा.