व्हेंटिलेटर न लावणे आणि लावलेला काढणे

बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाला व्हेंटिलेटर न लावणे आणि लावलेला व्हेंटिलेटर काढणे, या दोन्ही गोष्टी वैद्यकीय नीतिशास्त्र साधारणपणे एकाच तोलाच्या मानते, कारण दोन्हींत मृत्यू ओढवतो तो मूळ आजारामुळे. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या अनेकांना मात्र त्या सारख्या वाटत नाहीत. व्हेंटिलेटर काढायचा ठरला की रुग्णाला धाप लागू नये म्हणून आधी मॉर्फिन दिले जाते, मॉनिटरचा अलार्म बंद केला जातो, घशातील स्राव ओढून घेतला जातो आणि मगच नळी निघते. त्यानंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत मृत्यू येतो. यातील बरीचशी कामे परिचारिकेच्या वाट्याला येतात, आणि बहुतेक वेळा निर्णय तिचा नसतो.

१९९९-२००० मध्ये १७ देशांतील ३७ अतिदक्षता विभागांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की उत्तर युरोपात सुरू असलेले उपचार थांबवण्याचे प्रमाण दक्षिण युरोपापेक्षा बरेच जास्त होते. यंत्रे आणि औषधे जवळजवळ तीच असताना हा फरक पडला, याचा अर्थ डॉक्टरांची जडणघडण, धर्म आणि प्रदेशाचे संस्कारही निर्णयात उतरतात. इस्रायलच्या २००५ च्या कायद्याने तर सलग चालणारा उपचार बंद करण्यास मनाई केली, पण टप्प्याटप्प्याने दिला जाणारा उपचार पुन्हा सुरू न करण्याची मुभा ठेवली, आणि त्यातूनच व्हेंटिलेटरला टायमर जोडण्याची कल्पना पुढे आली: ठरलेली वेळ संपली की यंत्र आपोआप थांबते, आणि ते पुन्हा सुरू न करणे कायद्यात बसते. थांबवणाऱ्या हाताला वाटणारा संकोच कायद्याने इतक्या गांभीर्याने घेतल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

मात्र कर्मचाऱ्यांना थांबवण्याचाच त्रास होतो, असे समजणे चुकीचे ठरेल. मे २०१० मध्ये युरोपातील नऊ देश आणि इस्रायलमधील अतिदक्षता विभागांत एकाच दिवशी केलेल्या पाहणीत, रुग्णसेवेत असलेल्या सुमारे २७ टक्के डॉक्टर-परिचारिकांनी आपल्या किमान एका रुग्णावर अनुचित उपचार होत असल्याचे सांगितले, आणि त्यांची मुख्य तक्रार उपचार गरजेपेक्षा जास्त होत असल्याची होती. योग्य काय ते कळत असूनही तसे वागता न येण्याच्या या यातनेला १९८४ पासून ‘नैतिक क्लेश’ या अर्थाची संज्ञा रूढ आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यानंतर जवळपास ४२ वर्षे त्यांना तेथील परिचारिकांनी सांभाळले. २०११ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला प्रश्न व्हेंटिलेटरचा नव्हताच, अन्न देणे थांबवायचे का, असा होता, आणि परिचारिकांनी त्याला ठाम विरोध केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ न देणे म्हणजे किती कष्टाचे काम आहे, हे ज्याने घरी असा रुग्ण सांभाळला आहे त्याला सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले आणि त्यांचे मत कधी बदलल्यास मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असेही सांगितले. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन झाले.

तोच न्याय पुढच्या कार्यपद्धतीत उतरला नाही. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सुटसुटीत केली. आता रुग्णालयाची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन मंडळे उपचार थांबवण्याचा निर्णय तपासतात, आणि दोन्हींत जागा आहेत त्या केवळ डॉक्टरांसाठी. ज्या सिस्टरने रुग्णाला रोज कुशीवर वळवले, त्याच्या नातेवाइकांचे रात्री-अपरात्रीचे प्रश्न ऐकले आणि जी शेवटी मॉर्फिनचे इंजेक्शन भरणार आहे, तिचे म्हणणे प्राथमिक मंडळाच्या बैठकीतच ऐकून नोंदवले जावे, असे मला वाटते. त्यासाठी रुग्णालयाने स्वतःच्या नियमात एक ओळ घातली तरी पुरे.