केमिकल पीलनंतरची त्वचानिगा

रसायनाचा लेप देऊन त्वचेचा वरचा थर सुटा करण्याच्या उपचारास केमिकल पील म्हणतात. मुरमांचे डाग व वांग यांसाठी तो प्रामुख्याने केला जातो. खालची नवी बाह्यत्वचा पक्की होईपर्यंत घ्यावयाच्या काळजीचा विचार येथे केला आहे.

या उपचाराचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही लेखक तो प्राचीन इजिप्तमधील आंबलेल्या दुधाच्या स्नानापर्यंत मागे नेतात. अशा दुधात लॅक्टिक आम्ल असते हे खरे. तथापि ठरावीक तीव्रतेचे द्रावण ठरावीक वेळ ठेवण्याची पद्धत त्यात दिसत नाही. म्हणून जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८८२च्या सुमारास सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल व फिनॉल यांच्या त्वचेवरील परिणामांचे केलेले वर्णन हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पीलसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लायकॉलिक आम्लाच्या गटाकडे लक्ष वेधले गेले ते व्हॅन स्कॉट व यू या संशोधकांच्या १९७४च्या शोधनिबंधामुळे. हे आम्ल उसाच्या रसात आढळते, ही गोष्ट कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात कुतूहलाची असली, तरी दवाखान्यातील आम्ल मुख्यतः कारखान्यात संश्लेषणाने तयार होते. तोंडाला रस किंवा काकवी फासणे हा त्याला पर्याय नव्हे.

वरवरच्या पीलनंतर पहिल्या दिवशी चेहरा लाल होतो व ओढल्यासारखा वाटतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ओठांच्या कडेने व हनुवटीवर बारीक पापुद्रे सुटू लागतात आणि आठवडाभरात गळून पडतात. हनुवटीवर अर्धवट लोंबणारा पापुद्रा नखाने ओढला, तर खाली ओलसर, लालबुंद जागा उघडी पडते आणि पुढे नेमका तेथेच तपकिरी डाग उमटू शकतो. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत रंगपेशी दाहाला चटकन प्रतिसाद देत असल्याने हा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. ज्या डागासाठी उपचार घेतला, त्याहून गडद डाग पदरी पडू नये, हाच सर्व निगेचा हेतू आहे.

चेहरा कोमट पाण्याने व सौम्य क्लेन्झरने धुवावा, मऊ कापडाने टिपावा आणि सुगंधरहित मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली दिवसातून अनेकदा लावावी. वाफ, स्क्रब, डाळीच्या पिठाचे उटणे, लिंबू आणि रेटिनॉइड (अ-जीवनसत्त्वाशी संबंधित) मलमे त्वचा पूर्ववत होईपर्यंत बंद ठेवावीत. किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. नुसता स्कार्फ गुंडाळून दुचाकीवरून हिंडणे पुरेसे नाही.

उपचाराची तारीख ठरवताना स्थानिक दिनक्रमही पाहावा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची उधळण होते; ताज्या त्वचेवर तो गुलाल व वरचे ऊन दोन्ही झोंबतात, म्हणून यात्रेला जाणाऱ्यांनी पील त्यानंतर घ्यावे. गुऱ्हाळात चुलाणासमोर काहिलीवर उभे राहणाऱ्या गुळव्याच्या चेहऱ्याला धग सतत लागते. त्याने हंगाम संपल्यावरच उपचार घेणे इष्ट.

मध्यम व खोल पीलची निगा तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच होते. ओठांवर हर्पीसचे फोड वारंवार येणाऱ्यांना विषाणुरोधक गोळ्या आधीपासून देतात. वाढती वेदना, पू किंवा पाणी धरलेले फोड दिसल्यास त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.